त्रांग ते हाट याई, सकाळच्या गाडीने

थायलंडला जाऊन आलो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "फुकेत की पट्टाया?" आम्ही दोन्ही गाळली. नवरा रेल्वेतून निवृत्त झालाय. नकाशा उघडला की त्याला आधी रूळ दिसतात, गावं मागाहून. बँकॉकहून निघून मलेशियाच्या हद्दीपर्यंत गेलेली साडेनऊशे किलोमीटरच्या आसपासची दक्षिण लाइन त्याने कधीपासून हेरून ठेवली होती, आणि तीसुद्धा मीटरगेज. आपल्याकडे मीटरगेज हुडकायला जावं लागतं, तिथे रेल्वेचं सगळं जाळंच त्यावर चालतं. मला रुळांचं एवढं कौतुक नाही, पण मी कोकणातली. दोन्ही बाजूंना समुद्र, मध्ये डोंगराची रांग, रबर, नारळ, काजू, मासळी असा मुलूख बघायची हौस मला होतीच. अट दोघांनी मिळून घातली: तिथली माणसं ज्यातून जातात, त्यातूनच जायचं. टूरवाल्यांची स्पीडबोट नको आणि हॉटेलची टॅक्सी नको.

व्हिसा आमच्या वेळी लागला नाही. १ मे २०२५ पासून आगमनाचा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो, तो फुकट आहे. पैसे मागणाऱ्या वेबसाइट दिसल्या तर त्या खऱ्या नव्हेत एवढं लक्षात ठेवा. रोख पैसे मात्र भरपूर ठेवा. भाजीवालीकडेसुद्धा क्यूआर कोड लावलेला असतो, पण तो तिथल्या बँकवाल्यांसाठी. आमचं यूपीआय त्यावर चाललं नाही. परदेशी कार्डाने एटीएममधून पैसे काढले की दर वेळी दोनशेवीस बाथ कापले जायचे. बाथ तेव्हा साधारण पावणेतीन रुपयांच्या आसपास होता. हिशेब करा आणि एकदाच काय ते काढा.

जानेवारी २०२३ पासून दक्षिणेच्या लांब पल्ल्याच्या गाड्या क्रुंग थेप अफिवात या नव्या टर्मिनसवरून सुटतात. जुनं हुआ लाम्फोंग शहराच्या मधोमध आहे, तिथून आता साध्याच गाड्या निघतात. नवं स्टेशन विमानतळाच्या थाटाचं आहे. नवऱ्याला ते अजिबात आवडलं नाही. "स्टेशनवर इंजिनाचा वास नाही, याला काय स्टेशन म्हणायचं?" गाडी मात्र त्याला पसंत पडली. सेकंड क्लास स्लीपरचे बर्थ डब्याच्या लांबीला समांतर असतात, मध्ये वाट. खालचा बर्थ वरच्यापेक्षा चांगला रुंद आणि थोडा महाग. अंधार पडला की एक माणूस किल्ली घेऊन येतो, समोरासमोरच्या खुर्च्या ओढून सपाट करतो, वरचा बर्थ खाली पाडतो, गादी, पांढरी चादर, उशी, पडदा. एका जागेला दोन मिनिटं लागत नाहीत. आपल्याकडची भांडणं, "उठा हो, मिडल बर्थ लावायचाय", ही भानगडच नाही. गाडीत दारू पिण्यावर २०१४ पासून बंदी आहे. त्यामुळे रात्र शांत जाते.

थुंग सोंग जंक्शनला उजाडलं. इथून एक फाटा पश्चिमेला त्रांगवरून कन्तांगला जातो, मुख्य लाइन खाली पत्थलुंग, हाट याईकडे. थोडं पुढे खाओ चुम थोंगला आणखी एक फाटा नखोन सी थम्मरातला. खिडकीबाहेर चुनखडीचे उभे कडे आणि त्यांच्या पायथ्याशी रबराच्या सरळ रांगा. त्रांगला उतरलो आणि लाउडस्पीकरवर राष्ट्रगीत सुरू झालं. आठ वाजले होते. फलाटावरचा प्रत्येक माणूस होता तिथे थांबला. हमाल, शाळकरी पोरं, हातात चहाची पिशवी धरलेली बाई, सगळे. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा, हे रोजचं आहे. तुम्हीही थांबा, कोणी सांगायची वाट बघू नका.

त्रांग म्हणजे नाश्ता. गाव मुळात चिनी वस्तीचं, आणि रबराच्या बागांत रात्रभर खपून आलेल्या लोकांना पोटभर लागतं. त्यामुळे डिमसमची दुकानं उजाडायच्या आधीच उघडतात. आत बसलं की न मागता टेबलावर छोट्या बशा येतात: वाफवलेले मोदकासारखे पदार्थ, भरलेले पाव, तळलेल्या पिठाच्या जुळ्या कांड्या, आणि त्रांगचं प्रसिद्ध भाजलेलं डुक्कर, वरची साल कुरकुरीत. जेवढ्या बशांना हात लावाल तेवढ्यांचेच पैसे. बाकीच्या उचलून पुढच्या टेबलावर. मी मासे खाते, डुक्कर खात नाही. त्यामुळे माझ्यासमोरच्या निम्म्या बशा जशाच्या तशा परत जायच्या आणि नवऱ्यासमोरच्या एकही जायची नाही.

कॉफीला तिथे 'कोपी' म्हणतात आणि ती करताना बघायला मी मुद्दाम काउंटरजवळ बसायचे. दांडीला लावलेली कापडाची लांब पिशवी, वर्षानुवर्षं कॉफी पिऊन काळी झालेली. तीत भुकटी, वरून उकळतं पाणी, मग पिशवी एका डब्यातून दुसऱ्या डब्यात, परत पहिल्यात. काचेच्या छोट्या ग्लासात तळाशी बोटभर आटवलेलं गोड दूध, त्यावर कॉफी हळूच सोडलेली, दोन रंग वेगवेगळे. ढवळायचं आपलं आपण. सोबत फिक्या चिनी चहाची किटली फुकट, ती संपली की परत भरून मिळते. म्हातारे लोक एका कोपीवर आणि दोन किटल्यांवर दोन तास वर्तमानपत्र वाचतात, त्यांना कोणी उठवत नाही.

आणि दहा वाजता दुकान बंद! हीच गोष्ट आम्हाला पुढे सगळीकडे भेटली. हा मुलूख पहाटे दोनला उठतो आणि दुपारी बाराला त्याचं काम आटपलेलं असतं. बाजार, नाश्ता, गावाकडच्या गाड्या, कमळं, सगळं सकाळचं. बीचवरचे पर्यटक दहाला उठतात म्हणून त्यांच्यासाठी वेगळं घड्याळ चालवलंय, पण साध्या वाहनाने फिरायचं असेल तर तुम्हालाच लवकर उठायला हवं. दुपारी दोनला स्टँडवर जाऊन "पुढची गाडी कधी?" विचारलं की समोरचा माणूस हसून सांगतो, "उद्या."

गावाकडच्या गाड्या म्हणजे सोंगथेव. पिकअपच्या मागे समोरासमोर दोन बाकं, वर छप्पर. आपल्याकडचं वडापच म्हणा, फक्त टपावर कोणी बसत नाही आणि भाडं कोणी वाढवून सांगत नाही. वेळापत्रक कागदावर असतं की नाही कोण जाणे. भरली की सुटते, किंवा ड्रायव्हरला वाटलं की भरली. उतरायचं तिथे छताला लावलेलं बटण दाबायचं, उतरून पुढे जायचं, खिडकीतून ड्रायव्हरला पैसे द्यायचे. कन्तांगच्या सोंगथेवमध्ये माझ्या पायाशी कोंबड्यांची टोपली होती, समोर एक पोरगी मोबाइलवर अभ्यास करत होती, आणि तिच्या शेजारच्या आजीबाईंनी मला एकदम विचारलं, "पाय नाय, पा?" म्हणजे कुठे निघालीस, मावशी? त्या सत्तरीच्या, मी साठीची, आणि मी मावशी! पुढे सगळ्यांनीच मला 'पा' म्हटलं आणि नवऱ्याला 'लुंग', मामा. वयाचा हिशेब नसतो त्यात, जवळीक असते. दक्षिणेची बोली बँकॉकपेक्षा तुटक आणि भरभर. मोबाइलमधला अनुवाद तिथे निम्म्या वेळा गप्प बसायचा, आजीबाईंच्या हातवाऱ्यांनीच काम झालं.

कन्तांगला लाइन संपते. १९१३ सालचं लाकडी स्टेशन, पिवळ्या-तपकिरी रंगाचं, दिवसाला एखादी गाडी येते. नवरा तिथे तासभर रमला, रूळ जिथे संपतो तिथे जाऊन उभा राहून आला. मला त्यापेक्षा रस्त्याकडेचं एक झाड बघायचं होतं. फ्राया रत्सदानुप्रदित, मूळ चिनी घराण्यातले, खाओ सिम बी असंही त्यांचं नाव, हे इथले गव्हर्नर होते. त्यांनी १८९९ च्या सुमारास मलायाकडून रबराची रोपं आणून कन्तांगला लावली. थायलंडमधलं पहिलं रबर म्हणून त्यातलं एक झाड अजून राखलंय, कापड गुंडाळलेलं, पुढे फलक. आज नैसर्गिक रबराच्या उत्पादनात थायलंड जगात पहिला आहे, आणि त्याची सुरुवात ही. १९१३ मध्ये याच गावात त्यांच्यावर गोळी झाडली गेली आणि त्यातच ते गेले. स्टेशन बांधलं त्याच वर्षी.

रबर काढताना बघायला मिळालं ते त्रांगच्या बाहेर एका घरी राहिलो तेव्हा. घरधनीण पहाटे दोनला उठून निघाली, कपाळावर दिवा, पायात गमबूट. "येतेस तर ये," एवढंच. रात्रीच का? तर गारव्यात झाडाच्या आत दाब जास्त असतो, चीक जोरात वाहतो. ऊन चढलं की आटतो. तिच्या हातात वाकड्या पात्याची सुरी होती. खोडावर आधीचा तिरका काप असतो, त्याच्याच कडेने ती सालीची एक बारीक चिरी काढायची, कागदाइतकी पातळ, एका दमात, वरून खाली. जास्त खोल गेलं तर झाडाला जखम होते आणि तिथून पुढे चीक येत नाही. चिरी खाली पडायच्या आत पांढरा थेंब कापावर जमतो, घरंगळतो, खाली तारेने अडकवलेल्या वाटीत. एका झाडाला मोजून काही सेकंद, मग पुढचं. दिव्याचा उजेड झाडाझाडांतून पुढे जात राहिला आणि आम्ही डास मारत मागे. उजाडल्यावर बादल्या घेऊन पुन्हा फेरी. मग तो चीक पत्र्याच्या तसराळ्यांत ओतून त्यात आम्ल घालतात, तो थिजतो, हाताने फिरवायच्या दोन रुळांतून लाटून त्याच्या पोळ्या होतात आणि त्या दोरीवर वाळत टाकतात. पाऊस पडला की काम बंद. झाडांची पानगळ असते त्या महिन्यांतही बंद. भाव दुसरीकडे कुठेतरी ठरतो, तिच्या हातात नाही. आमच्याकडे दोडामार्ग भागात केरळच्या लोकांनी रबर लावलं तेव्हा गावात बरीच बोलणी झाली होती. ती मला तिथे आठवली. वासाचं सांगायला हवं: वाटीत राहिलेल्या चिकाचे गोळे ट्रकमधून नेतात, त्यांचा दर्प नाकात बसला की दिवसभर जात नाही.

समुद्रासाठी आम्ही लिबोंग बेट निवडलं. हाट याओ धक्क्यापर्यंत व्हॅन, तिथून लांब शेपटीची होडी (मागे लांब दांड्यावर पंखा असलेली), गावकऱ्यांबरोबर. गॅसची सिलिंडर, अंड्यांचे ट्रे, एक वॉशिंग मशीन आणि आम्ही. बेटावर मुसलमान कोळ्यांची वस्ती आहे, रिसॉर्ट थोडे, वाहन म्हणजे मोटारसायकलला जोडलेला साइडकार. ज्यांना डुक्कर चालत नाही त्यांना दक्षिणेत मुसलमानांची खानावळ हाच सोपा मार्ग. फक्त गोमांस असतं, तेव्हा विचारून घ्यावं. तव्यावरची रोटी वर आटवलेलं दूध घालून, उंचावरून या भांड्यातून त्या भांड्यात ओढलेला लाल चहा, आणि हळदीच्या पिवळ्या भातातली कोंबडी. चहाच्या टपरीवर छपराला पिंजरे टांगलेले, त्यात शिपाई बुलबुल. या पक्ष्यांच्या गाण्याच्या स्पर्धा भरतात दक्षिणेत. चांगल्या गळ्याचा बुलबुल मोटारसायकलपेक्षा महाग जातो असं टपरीवाल्याने सांगितलं. त्याच्या आवाजात खोटेपणा वाटला नाही, पण विक्री करायचा इरादा वाटला.

लिबोंगच्या उथळ पाण्यात समुद्रगवताची कुरणं आहेत आणि त्यावर जगणाऱ्या समुद्रगाई, म्हणजे ड्युगाँग. २०१९ मध्ये आईपासून तुटलेलं एक पिल्लू, मरियम नावाचं, इथे आणून लोकांनी बाटलीने दूध पाजलं. अख्खा देश ते इंटरनेटवर बघत होता. ऑगस्टमध्ये ते गेलं, पोटात प्लॅस्टिकचे तुकडे निघाले. त्यानंतर गवतही मरू लागलं आणि समुद्रगाईंची संख्या घटली. आम्ही ओहोटीला गेलो तेव्हा होडीवाल्याने उघड्या पडलेल्या चिखलाकडे हात केला, "इथे आधी हिरवं होतं." समुद्रगाय आम्हाला दिसली नाही. दाखवतो म्हणून पैसे मागणारे भेटले, तर आधी विचार करा.

त्रांगहून पत्थलुंगला जाताना बान्थात डोंगररांग ओलांडावी लागते. दीडएक तासाचा वळणावळणाचा घाट, व्हॅनने. या व्हॅनना 'रोत तू' म्हणतात. तेरा माणसं बसतात, त्याहून एकही जास्त नाही. जानेवारी २०१७ मध्ये चोनबुरीला एका व्हॅनच्या अपघातात पंचवीस लोक गेले, त्यानंतर सरकारने जागा कमी करून मागच्या दाराकडे वाट मोकळी ठेवायला लावली. सामानाला जागा मात्र नसते. मोठी बॅग असेल तर तिचं वेगळं तिकीट काढा किंवा मांडीवर घ्या. ड्रायव्हर वाटेत पार्सलंही उचलतो आणि देतो, एका वळणावर थांबून त्याने कोणाला तरी टायर दिला.

घाट चढला तसा पाऊस आला. त्रांगला कोरडं ठणठणीत, इकडे छत्री. पश्चिमेकडच्या अंदमान समुद्राच्या बाजूला पाऊस मे ते ऑक्टोबर, आपल्यासारखाच. पूर्वेच्या आखाताच्या बाजूला तो ऑक्टोबरपासून डिसेंबर-जानेवारीपर्यंत रेंगाळतो. एकाच डोंगराच्या दोन बाजूंना दोन पावसाळे. तिकडे जायचं ठरवताना हे एक कळलं की निम्मं नियोजन झालं. हाट याईला तर नोव्हेंबर म्हटला की लोक आभाळाकडे बघतात; २०१० आणि २०२५ च्या नोव्हेंबरात शहर बुडालं होतं.

पत्थलुंग मला त्रांगपेक्षा आवडलं. पर्यटक जवळजवळ नाहीत, भातखाचरं, ताडाची झाडं. पहाटे पाक प्रा इथे खाडीत उभी केलेली मोठाली उचल-जाळी बघायची. बांबूच्या सांगाड्यावर ताणलेलं चौकोनी जाळं, तराफ्यावरून माणूस ते अंगाच्या भाराने वर उचलतो. तिथून थले नोई. हे पाणपक्ष्यांचं अभयारण्य, त्यात गुलाबी कमळं. ऊन तापलं की कमळं मिटतात, तेव्हा नऊच्या आत होडीत बसायला हवं. भाडं माणशी नसतं, होडीमागे असतं. चार जण मिळाले तर वाटून घ्या. आमच्याबरोबर सोंगखलाहून आलेल्या दोन शिक्षिका होत्या, त्यांनी स्वतःहून हिशेब करून चौथा भाग आमच्याकडून घेतला, एक बाथ जास्त नाही.

कमळांपेक्षा मला म्हशी बघायच्या होत्या. थले नोईच्या म्हशी पाणी चढलं की पोहत चरायला जातात. फक्त डोकं आणि शिंगं वर, मध्येच डोकंही पाण्यात, गवत तोडून वर. संध्याकाळी कळपाने पोहत परत. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने हे पशुपालन जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशात घेतलं. एक म्हैस होडीच्या इतकी जवळून गेली की तिच्या नाकपुड्या फुलून मिटताना दिसल्या. तिच्या मागोमाग पारडू, धापा टाकत. वाटलं, आमच्या आजीला हे सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, "मग धारा कुठे काढतात?" दुधाचं म्हणाल तर त्या मांसासाठी आणि कातड्यासाठी पाळतात. काठावरच्या घरांत बायका 'क्राचूत' नावाच्या लव्हाळ्याच्या पिशव्या विणतात. मी एक घेतली. घासाघीस करावीशी वाटली नाही.

पत्थलुंगहून नखोनला साधी गाडी. तिसरा वर्ग, सताड उघड्या खिडक्या, छताला पंखे, लाकडी नाहीतर रेक्झिनची बाकं. २०१७ पर्यंत थाई नागरिकांना ओळखपत्रावर फुकट असायची; आम्हाला दोघांना मिळून तिथल्या एका साध्या जेवणाइतके पैसे. गाडी प्रत्येक स्टेशनवर थांबते, एक्स्प्रेस आली की बाजूला उभी राहते, आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. विक्रेते चढतात: तळलेली कोंबडी चिकट भाताबरोबर, उकडलेल्या शेंगा, केळीच्या पानातली खोबऱ्याची मिठाई, पिशवीत बर्फ आणि सरबत. हीच लाइन उलट दिशेला हाट याईच्या पुढे यालाकडे जाते. याला, पत्तानी, नराथिवात या प्रांतांत २००४ पासून अशांतता आहे. तिकडे आम्ही गेलो नाही.

नखोन सी थम्मरात लांबट गाव, एकच मोठा रस्ता, त्यावर निळ्या सोंगथेव सारख्या ये-जा करतात. कुठेही हात दाखवा. जुनं ताम्रलिंग राज्य इथलंच. वात फ्रा महाथातचा स्तूप सगळेच बघतात. आम्ही आधी त्याच रस्त्यावरच्या दोन छोट्या देवळांत गेलो. एका बाजूला फ्रा इसुआन, म्हणजे ईश्वर, शंकर. रस्त्यापलीकडे समोर फ्रा नाराय, नारायण. मधून मोटारसायकली. शंकराच्या आवारात झोपाळ्याची लाल चौकट उभी आहे. मी चप्पल काढून हात जोडले, तर झाडणारा माणूस थांबला, त्यानेही हात जोडले आणि झाडू लागला.

संध्याकाळी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ, नांग तालुंग. नखोनला राष्ट्रीय कलावंत सुचात सुपसिन यांचं घर आता संग्रहालय आहे. तिथे बाहुल्या कशा कोरतात ते दाखवतात. वाळवलेलं गुरांचं कातडं, त्यावर टोकदार पोकळ छिन्न्यांनी टिचटिच करत शेकडो भोकं, मग रंग. पडद्यामागे एकच माणूस सगळ्यांचे आवाज काढतो. आधी ऋषी येतो, मग नंदीवर बसून शंकर, आणि त्यानंतर कथा. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर मंडळींकडे चामड्याच्या बाहुल्या मी लहानपणापासून बघितल्यात, आधी गणपती, मग रामायण. नखोनच्या खेळात तेंग आणि नू नुई नावाची दोन विनोदी पात्रं काळ्या अंगाची, सुटलेल्या पोटाची, आणि त्यांच्या तोंडी आजच्या राजकारणावरचे टोमणे. ती आली की सगळे हसत होते. मला एक शब्द कळत नव्हता आणि मी हसत होते. खरा गावातला खेळ पहाटेपर्यंत चालतो. हा तासाभरात उरकला, आणि त्याची रुखरुख राहिली.

जेवणाबद्दल एवढंच: दक्षिणेचं जेवण तिखट आहे. आपल्याला तिखटाची सवय आहे म्हणणाऱ्यांसाठीही तिखट आहे. हळदीची आंबट माशांची आमटी, माशांच्या खारवलेल्या आतड्यांची 'तै प्ला', कडू-उग्र वासाच्या 'सतो' बिया. तांदळाच्या शेवया घेतल्या की शेजारी हिरव्या भाजीपाल्याची परडी फुकट येते, हवी तितकी खा. त्यात काजूची कोवळी पालवी कच्ची! आमच्या घराभोवती काजूच काजू, पण पालवी पानात कधी आली नव्हती. तुरट लागते, आणि तिखटानंतर तोंड स्वच्छ करते. माझं रोजचं सकाळचं खाणं 'खाओ याम' झालं होतं: भातावर भाजलेलं खोबरं, सुका जवळा, पपनसाचे गर, बारीक चिरलेली गवती चहाची कांडी, चवळीच्या शेंगा, आणि वरून माशांची काळी चटणी. शाकाहारी लोकांनी लाल अक्षर असलेला पिवळा झेंडा शोधावा, ते 'जे' जेवण, त्यात मासळीचं पाणीही नसतं, कांदा-लसूणही नसतो.

हाट याईत आम्ही फार रमलो नाही. मोठं व्यापारी शहर, शनिवार-रविवारी मलेशियन खरेदीदारांनी भरलेलं. किम योंग बाजारात सुकामेवा, आणि वर तळलेला कांदा पेरलेली कोंबडी, एवढ्यासाठी एक सकाळ पुरते. तिथून पाडांग बेसारला शटल गाडी, सकाळी एक आणि दुपारी एक. आम्ही सकाळची घेतली. पाडांग बेसार स्टेशनात एकाच इमारतीत आधी थायलंडचा शिक्का, मग चार पावलांवर मलेशियाचा. मलेशियाचाही ऑनलाइन फॉर्म आधी भरून ठेवावा लागतो. आणि मलेशियाचं घड्याळ थायलंडच्या एक तास पुढे आहे. तुम्ही ज्या वेळी उतरता त्यात तास मिळवूनच क्वालालंपूरच्या ईटीएसचं, म्हणजे विजेच्या वेगवान गाडीचं, तिकीट काढा. ती गाडी हुकली तरी बटरवर्थची लोकल असते, पेनांगला जायला तीच बरी आणि स्वस्त. आम्ही तीच पकडली. नवरा खिडकीशी बसला आणि म्हणाला, "इथे ओव्हरहेड वायर आहे."